पाठीकडून एक इंच जास्त

ताई, डॉक्टरांनी मला सरळ विचारलं होतं. तुझं खुब्याचं हाड मोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. वॉर्डच्या बाहेर मी आणि तुझी लेक माधवी उभ्या होतो. त्यांनी तुझ्या पाठीचा एक्स-रे खिडकीकडे धरला, पेनाच्या टोकाने तीन ठिकाणं दाखवली आणि म्हणाले, "हे मणके काल नाही दबलेले, जुने आहेत. यांची उंची काही वर्षांपासून कमी होत असणार. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" माधवीने रडत रडत मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही, तसं काही जाणवलं नाही."

तू आत झोपलेली होतीस, तुला ते ऐकू गेलं नाही. म्हणून आता सांगते. मी खोटं बोलले गं. तुझी उंची कधीपासून कमी झाली, किती झाली, पाठ कुठून वाकायला लागली, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तुलासुद्धा नाही. माझ्याकडे ते इंचात लिहिलेलं होतं.

आपल्या घरात तूच एकटी उंच. आई बुटकी, बाबा बेताचे, मी तर काय, मशीनमागे बसले की दिसतही नाही. माळ्यावरचा डबा स्टूल न घेता काढणारी तू. गल्लीतली मुलं तुला शिडी म्हणायची. दुसरी एखादी मुलगी खांदे पाडून चालली असती, तू उलट मान आणखी वर काढायचीस. ऑफिसला निघालीस की बायका वळून बघायच्या, आणि ते तुला चांगलं ठाऊक असायचं. साडी तुलाच शोभायची, हे मी शिंपीण म्हणून सांगते, बहीण म्हणून नाही.

मला शिंपीण केलंस तूच. मी दहावीला दोनदा गटांगळी खाल्ली तेव्हा बाबा म्हणत होते, हिचं लग्न लावून टाकू. तू भांडलीस, मला शिवणक्लासला घातलंस आणि पुढे मशीन घरी आणून ठेवलंस. मी शिवलेला पहिला ब्लाउज तूच घातलास. त्याचा उजवा मुंढा इतका घट्ट झाला होता की तुला हात वर करता येत नव्हता. तसाच घालून तू दिवसभर ऑफिसात बसलीस आणि घरी येऊन म्हणालीस, छान झालाय, फक्त पुढच्या वेळी श्वास घ्यायला जागा ठेव. तुझ्या काखेत वळ उठले होते. त्या दिवसापासून तू दुसऱ्या कुणाकडे ब्लाउज टाकला नाहीस. पन्नास वर्षं तुझ्या पाठीवर फक्त माझा टेप फिरला.

म्हणूनच तर म्हणते, मला कळायला हवं होतं.

आठ वर्षांपूर्वी, भाऊजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी, तू न्हाणीघरात पाण्याची बादली उचललीस आणि पाठीत काहीतरी कटकन झालं. नाक्यावरच्या डॉक्टरने उसण भरलीय म्हणून इंजेक्शन दिलं. मी चारकोपला तुझ्याकडे येऊन बाम चोळत होते, गरम पाण्याची पिशवी देत होते. तीन आठवडे तू कूस बदलू शकत नव्हतीस. मग हळूहळू दुखणं गेलं आणि आपण दोघी खूश झालो. आता वाटतं, त्याच दिवशी पहिला मणका बसला असणार. हाड मोडलं होतं आणि आपण त्याच्यावर बाम चोळत होतो.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तू घरात घालायचे गाऊन घेऊन आलीस. म्हणालीस, पायात येतात गं, दोन बोटं कमी कर. मी केले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी म्हटलं, कापड सैल पडलं असेल धुऊन धुऊन. ताई, मी शिंपीण आहे. सुती कापड धुतलं की आटतं, लांब होत नाही, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. तरी तुझ्या तोंडावर मी ते वाक्य बोलले आणि तूही मान डोलावलीस. आपण दोघी मिळून कापडाला दोष देऊन मोकळ्या झालो.

मग ब्लाउजची पाळी आली. पुढून चुण्या पडायला लागल्या आणि मागून कापड वर चढायला लागलं. ब्लाउजची खालची कड साडीच्या निऱ्यांवर टेकायला लागली, मधली चार बोटं जागा कुठे गेली ते कळेना. मी टेप लावला. पुढची लांबी अर्धा इंच कमी, पाठीची अर्धा इंच जास्त. मी वहीत लिहिलं, त्याप्रमाणे कापलं, आणि तो ब्लाउज इतका सुरेख बसला की मीच माझी पाठ थोपटून घेतली. माझ्या डोक्यात एवढंच आलं की ताईची ठेवण बदललीय. ती का बदलली, हा प्रश्न कात्री हातात असताना मला पडला नाही. वर्षभराने टेपने पुन्हा तेच सांगितलं, थोडं जास्त करून. मी पुन्हा लिहून घेतलं.

खरं सांगू का, आपल्याला त्यात काही वावगंच वाटत नव्हतं. आईही शेवटी वाकली होती. तिच्या पाठीवर हात फिरवून मी एकदा विचारलं होतं तर म्हणाली, "आमच्यातली बायलमाणसां म्हातारपणी वाकतत गो. तेका काय औषध?" आपण ते ऐकलं आणि धरून ठेवलं. कष्ट केलेल्या बाईची पाठ वाकते, त्यात दुखणं कसलं, असं आपल्याला वाटायचं. आईचीही हाडंच झिजली होती, हे तिला कुणी सांगितलं नाही. तुला सांगू शकणारी मी होते.

मुलुंडला माधवीच्या नणंदेच्या लग्नात ती अत्तर लावणारी चिमुरडी आठवते? तिने तुझ्या मनगटाला अत्तर लावलं आणि विचारलं, आजी, तुमच्या पाठीत काय ठेवलंय? तू हसलीस. सगळ्यांबरोबर जेवलीस, फोटो काढलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आलीस आणि चपला न काढताच म्हणालीस, "बेबी, असं काहीतरी शिव की ते दिसणार नाही."

गल्लीतल्या पोरांना न घाबरलेली माझी ताई त्या पाच वर्षांच्या मुलीने हलवून टाकली होती. तेव्हा मी तुला खाली बसवून म्हणायला हवं होतं, की चल, आधी कुणाला तरी दाखवू. मी म्हणाले, बघतेच आता, तू काळजी सोड.

आणि मी शिवलं. तीनदा उसवून चौथ्यांदा जमलं. मानेखाली दोन बारीक टक्स घेतले, मागचा गळा बंद केला, खांद्याला आतून पातळ अस्तराची पट्टी दिली, पाठ एक इंच वाढवली आणि पुढा तेवढाच कमी केला. तू आरशासमोर बाजूने उभी राहिलीस आणि खरंच, बाक जवळजवळ नाहीसा झाला होता. तू माझा हात धरलास. म्हणालीस, तुझ्या हातात जादू आहे. आयुष्यात कुणी माझ्या कामाचं इतकं कौतुक केलं नव्हतं. मला त्या कौतुकाची चटक लागली ताई. बाक जितका वाढायचा तितकी मी जास्त हुशारीने कापायचे.

यानंतरचं जे आहे ते लिहायला मी आठवडाभर टाळाटाळ केली.

तुझ्या कॉलनीच्या हॉलमध्ये महिला मंडळाने हाडांच्या तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. तू माझ्याकडे येऊन म्हणालीस, टाचेला मशीन लावून बघतात म्हणे, दोघींचं नाव देऊ का? माझ्याकडे लग्नसराईचे ढीगभर ब्लाउज पडले होते. मी मान वर न करता म्हणाले, असली शिबिरं म्हणजे गोळ्या खपवायची दुकानं असतात, तुला काय धाड भरलीय? तू माझ्या शेजारी स्टूल ओढून बसलीस. मग विचारलंस, "तू माझी पाठ बघतेस बेबी. खरं सांग, मला काही झालंय का?"

मशीन चालू होतं. मी ते थांबवलं नाही. म्हणाले, "वय झालंय गं, दुसरं काही नाही."

तू उठून चहा टाकलास. आपण दोघींनी तो प्यायला आणि तू घरी गेलीस. शिबिराला गेली नाहीस. तुला मनातून कळलं होतं, म्हणून तर विचारलंस. तुला एका माणसाने फक्त हो म्हणायला हवं होतं. तू योग्य माणसाला विचारलंस आणि त्या माणसाने तुला फसवलं.

पडण्याची गोष्ट एका वाक्यात संपते. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलंस, आत वळलीस आणि पडलीस. मी आले तेव्हा फरशीवर पाणी शोधत होते. पायपुसणं सरकलं का बघितलं, सपातीचा तळ उलटा करून बघितला. काहीच नव्हतं, कोरडी स्वच्छ फरशी होती. डॉक्टर म्हणाले, कधी कधी माणूस पडल्यामुळे हाड मोडत नाही, हाड आधी मोडतं आणि म्हणून माणूस पडतो.

त्यांनी बरंच समजावलं. चांगला माणूस होता, घाई करत नव्हता. म्हणाले, हाडं ठिसूळ होतात ती दुखत नाहीत, आतल्या आत पोकळ होत जातात, म्हणून मोडेपर्यंत कुणी येत नाही. पाळी कधी थांबली विचारलं. मी सांगितलं, एक्केचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली, बीजकोशांसकट. ते म्हणाले, मग त्याच वेळी हाडांवर लक्ष ठेवायला हवं होतं, पाळी लवकर गेली की हाडांची राखण लवकर जाते. आणि आपण काय केलं होतं तेव्हा? मी तुला शिरा करून घातला होता आणि म्हटलं होतं, सुटलीस बाई एकदाची, माझी अजून चालूच आहे. चाळिशीनंतर तू सडसडीत राहिलीस त्याचाही मी हेवा करायचे. दूध तुला आवडायचं नाही, ऊन लागू नये म्हणून छत्री घेऊन फिरायचीस, उपास तर विचारूच नकोस. यातली एकेक गोष्ट बारीकच होती.

ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या दिवशी वॉकर धरून तू दोन पावलं टाकलीस, माधवीने त्याचा व्हिडिओसुद्धा काढला. मी तुझी वेणी घालत होते तेव्हा तू विचारलंस, "मी अशी कशी मोडले गं बेबी? नुसती वळले तर." मला तुझ्या मागे बसून बोलायची सवय, तुझं तोंड मला दिसत नव्हतं. सांगायची ती शेवटची वेळ होती. मी म्हणाले, नशीब. वेणीला रबर लावलं आणि कंगवा धुवायला गेले. मग तुझ्या छातीत कफ झाला. पडल्यापासून सोळाव्या दिवशी तू गेलीस.

तेरावं झाल्यावर माधवीने तुझं कपाट उघडलं. साड्या कुणाकुणाला द्यायच्या ते ठरवायला तिने मला बोलावलं होतं. हिरवी नारायणपेठी तिने स्वतःसाठी बाजूला काढली. लग्नाआधी ती तुझेच ब्लाउज घालायची ना, दोघींचं माप एक होतं, उंचीही तुझीच घेतलीय तिने. म्हणून त्या साडीवरचा ब्लाउज घेऊन ती आत गेली. बाहेर आली तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसून घड्या घालत होते.

ब्लाउज तिच्या पाठीवर फुगला होता. मानेपासून सुटून उभा राहिला होता, आणि पुढून इतका आखूड की हुक लावताना तिला खांदे पुढे ओढावे लागत होते. ती आरशात बघून म्हणाली, मावशी, हा बिघडलाय ना?

ताई, किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पन्नास वर्षांत एखादा ब्लाउज बिघडला, शिंपिणीची चूक, माधवी हसली असती आणि मीही हसले असते. पण ती सत्तेचाळीस वर्षांची आहे. तिची पाळी वर्षभर मागेपुढे होतेय. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला त्याच दिवशी बजावलं होतं की मुलीने आणि बहिणीने तपासून घ्यावं, हे घराण्यात असतं. ती म्हणाली होती, बघू नंतर, आधी आईचं सगळं आवरू दे. ते नंतर कधी आलं नसतं, मला आपलं घर माहीत आहे. आणि तिथे आरशासमोर ती बाजूने उभी होती, अगदी तुझ्यासारखी, ताठ.

मी म्हणाले, "नाही बिघडलेला. आईच्या पाठीसारखा शिवलाय."

ती समजली नाही. मी पहिल्यापासून सांगितलं. गाऊन, पुढची लांबी, मागची लांबी, ती अत्तरवाली मुलगी, शिबिर, तुझा प्रश्न, माझं उत्तर. ती ऐकता ऐकता कपाटातून एकेक ब्लाउज काढून पलंगावर पालथा टाकत होती. जुना, त्याच्यापेक्षा नवा, त्याच्यापेक्षा नवा. पाठी वाढत गेलेल्या दिसत होत्या, लहान मुलालाही कळलं असतं. सगळं ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग डॉक्टरांना 'काही जाणवलं नाही' असं का म्हणालीस?"

मी म्हणाले, तू शेजारी होतीस म्हणून.

"तू घरी जा मावशी," ती म्हणाली. ओरडली नाही. मी माझी पिशवी घेतली आणि निघाले.

तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. एकदा नाचणीचे लाडू घेऊन मी मुलुंडला तिच्या घरी गेले, तर जावईबापूंनी दारातच डबा घेतला आणि ओशाळून म्हणाले, ती झोपलीय. आत भांडी वाजत होती. मी बरं म्हणून परत आले. तिचा राग रास्त आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मी माझीही तपासणी केली. आडवं झोपवतात, वरून एक दांडा सरकतो, दुखत बिखत काही नाही, पंधरा मिनिटांत मोकळी. एवढ्यासाठी आपण इतकी वर्षं घाबरलो. माझी हाडं ठिसूळ निघाली. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, पेलाभर पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ताठ बसून राहायचं. रोज चालायचं, खाली वाकून जड उचलायचं नाही. मशीनचं स्टूल बदलून पाठीची खुर्ची घेतलीय. न्हाणीघरात धरायला दांडी लावून घेतली. शिवायला येणाऱ्या बायकांचं माप घेताना मागच्या वर्षीच्या मापाशी पडताळून बघते, आणि फरक दिसला की तोंडावर सांगते. दोघी रागावून गेल्या. एकीने कापडही परत नेलं. पण नंतर तिची सून भेटली, म्हणाली, सासूबाईंना औषध चालू झालंय.

आणि गेल्या मंगळवारी जावईबापूंचा फोन आला. माधवीला न सांगता केला असावा, हळू बोलत होते. तिने तपासणी करून घेतली. हाडं विरळ व्हायला लागलीत, पण कुठे काही मोडलेलं नाही, अगदी वेळेवर आलात असं डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी ती उन्हात चालायला जाते, वजनं उचलायचा व्यायाम शिकतेय, दूध नको म्हणते पण दही खाते. दोन वर्षांनी पुन्हा बघणार आहेत. मी विचारलं, माझं नाव काढते का? ते म्हणाले, अजून नाही मावशी, तुमच्यावर फार चिडलीय ती.

फोन ठेवला आणि मी खूप रडले. सुटल्यासारखं रडले आधी. मग मला कळलं की मी आठ वर्षं नक्की कशाला घाबरत होते. याच गोष्टीला तर घाबरत होते ताई. तू विचारलंस तेव्हा मशीन थांबवून मी म्हटलं असतं, की हो, तुला काहीतरी झालंय, तुझी पाठ दरवर्षी वाकतेय, तर काय झालं असतं? तू दुखावली असतीस. चहा न घेता उठली असतीस. ब्लाउज दुसऱ्या शिंप्याकडे टाकले असतेस, माझे फोन घेतले नसतेस, दारातून परत पाठवलं असतंस. आणि आज या वेळी चारकोपात, माझ्यावर रुसून बसलेली असतीस.